सात विसा आणि दोन

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पोत घमेली, फावडी, दोर आणि पोरांच्या पिशव्या चढत होत्या. उरलेले खिळे कुठं ठेवू हे विचारायला मी, जिच्या घराचं छप्पर आम्ही दुरुस्त करत होतो त्या आजीला शोधत घराच्या मागच्या अंगाला गेले. ती भिंतीजवळ उकिडवी बसली होती आणि तिच्यापुढे आमच्या हातून फुटलेल्या कवेलूंची, म्हणजे छपराच्या कौलांची, रास होती. आम्ही ते तुकडे सहा दिवस वाटेल तिकडे भिरकावले होते. तिनं ते सगळे वेचून आणले होते. मोठे खाली, बारके वर, मधल्या फटींत चुरा. नळीच्या कवेलूचं एक टोक रुंद असतं, दुसरं निमुळतं. तिनं रुंद तोंडाचे तेवढे तुकडे वेगळे काढून मोजले होते, म्हणजे एका कवेलूचे पाच तुकडे झालेले असले तरी तो एकदाच मोजला जावा. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "सात इसा अन् दोन फुटले, बाई."

सूर तक्रारीचा नव्हता. कोंबडीनं अंडी किती घातली हे सांगावं तसा होता. मी मनातल्या मनात गुणाकार केला. सात वेळा वीस, वर दोन. एकशे बेचाळीस. आठवी-नववीला गणित शिकवते मी, उत्तर लगेच आलं. बोलायला मात्र काही सुचलं नाही. "बरं," म्हणाले, आणि खिळ्यांची पिशवी तिच्या हातात दिली.

त्या "बरं"नं माझी झोप उडवली असं म्हटलं तर ते खोटं होईल. झोप लागत होती. पण भाजी निवडताना, गच्चीवर कुरड्या उलथताना मध्येच तो शब्द वर यायचा, आंबट ढेकरेसारखा. आमच्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, त्यामुळे आठवायला वेळही भरपूर होता.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाचं उन्हाळी शिबिर म्हणजे चिखलदरा, हे ठरलेलं. तीन दिवस गाणी, बायबल क्विझ, पंचबोल पॉइंट, भीमकुंड, आणि परतीच्या बसमध्ये दोघा-तिघांना उलट्या. या वर्षी वेगळं काही करावं ही कल्पना माझीच. माझी मावसबहीण अमेरिकेत असते. तिची मुलगी दर उन्हाळ्यात चर्चच्या पोरांबरोबर अ‍ॅपलाचियाच्या डोंगरात गरिबांची घरं दुरुस्त करायला जाते. १९६९ साली एका मेथडिस्ट पाळकानं सुरू केलेला उपक्रम आहे तो. शाळकरी पोरंपोरी आठवडाभर राहतात, छतं बदलतात, पायऱ्या बसवतात. घर उबदार, सुरक्षित आणि कोरडं करायचं, हे त्यांचं ब्रीद. हे मी आमच्या पोरांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. अमरावतीत त्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर होता, आणि चर्चमधले पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "आँटी, उबदारचं आपलं लवकर जमेल." सगळे हसले, मीही हसले. त्या हसण्यात पुढचं सगळं होतं, पण तेव्हा ते कुणाला कळणार.

गाव दारव्ह्यापासून आत. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ ओलांडून जावं लागतं. रुळांत बाभळी उगवल्या आहेत आणि त्यांच्या सावलीत शेळ्या बसतात. अकरा पोरंपोरी, तीन मोठी माणसं आणि पाळकसाहेब, मुक्काम शाळेच्या दोन खोल्यांत. आजीचं घर आमच्या टेम्पोवाल्यानं सुचवलेलं. मातीच्या भिंती, पुढं छपरी, मध्ये एक लांबट खोली, मागं चूल. छपराच्या मागच्या उताराचे, पाख्याचे, लाकडी फाटे उधईनं आतून इतके पोखरले होते की अंगठ्यानं दाबलं तर लाकूड बिस्किटासारखं चुरायचं. घरकुलाच्या यादीत तिचं नाव होतं, पण यादीतलं नाव माहेरच्या वळणाचं आणि आधार कार्डावरचं सासरच्या. त्या दोन बाया एकच आहेत हे सिद्ध करता करता तिचा मुलगा थकला आणि पुण्याकडे कंपनीत निघून गेला. गावातले म्हातारे मिस्तरी म्हणाले, "भेटलं असतं तरी काय, जी? एक लाख वीस हजार, थेबी हप्त्यानं. रोजगार हमीची मजुरी धरा वरून. २५ चौरस मीटर बांधाच लागते. लोकं घर बांधतेत अन् उधारी फेडत बसतेत." मग म्हणाले, "तरी भेटाव." ही योजना २०१६ पासूनची. गावातली निम्मी घरकुलं रंगवलेली आणि निम्मी स्लॅबपर्यंत येऊन थांबलेली, वर गंजलेल्या सळ्या. बाया त्या सळ्यांना धुणं वाळत घालतात.

आमच्याकडे पैसे बारा टिनांपुरते, म्हणजे पत्र्यांपुरते होते. म्हणून ठरलं असं की मागच्या पाख्याचे फाटे बदलून वर टिना टाकायच्या आणि पुढचं पाखं कवेलूचंच ठेवून फेरायचं. ज्यांनी कवेलू फेरलेले पाहिले आहेत त्यांना समजावून सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिले त्यांच्यासाठी माझे बाबा आणते. ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि आमचं घर यवतमाळकडच्या एका खेड्यात, असंच. रोहिणी लागल्या की मृगाच्या आत एका रविवारी, उपासना आटोपली की ते धोतर खोचून वर चढायचे. म्हणजे पाळकांना आवडायचं नाही, पण पाऊस रविवार पाळत नाही असं त्यांचं म्हणणं. एकेक ओळ काढायची, खालचा उताणा कवेलू झटकायचा, पालथा झटकायचा, चिमणीची घरटी, बोराच्या बिया, वानरांनी फोडलेले तुकडे बाजूला करायचे, कमच्या तपासायच्या आणि पुन्हा रचायचं. कवेलूचा खरा वैरी पाऊस नाहीच. वानरं. एका उडीत वीस रुपयांचं नुकसान, असा बाबांचा त्या काळचा हिशेब. आई खालून एकेक कवेलू दोन्ही हातांनी वर द्यायची, तान्ह्या पोराला देतात तसा. अर्धं छप्पर उघडं असायचं तेव्हा घरात आकाश यायचं. शिक्याला, देवघर म्हणून ठेवलेल्या बायबलच्या फळीला, माझ्या दप्तराला एकदम ऊन लागायचं, आणि आपलं घर कुणीतरी परकं बघतंय असं वाटायचं. एकदा बाबांना वळचणीजवळ कवेलूत एक दुधाचा दात सापडला. आम्ही पडलेले दात छपरावरच फेकायचो. चार भावंडांपैकी कुणाचा ते ठरेना, तेव्हा बाबांनी तो परत तिथंच ठेवला आणि वर पालथा कवेलू घातला.

एका रविवारी बाबांच्या हातून किती फुटायचे? पाच. सहा. आई रात्री जेवताना ते बोलून दाखवायची.

आमचे एकशे बेचाळीस कसे फुटले, ते सांगते. पहिल्या दिवशी आम्ही पहाटे साडेपाचला सुरुवात केली, कारण दहानंतर कवेलूला हात लावता येत नाही, तवा होतो त्याचा. मिस्तरी सांगून गेले होते की घाई करू नका, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात द्या, फेकाफेक नको. आठ वाजेपर्यंत पोरं कंटाळली. मानेवर घाम, घामावर शंभर वर्षांची धूळ, आणि एकाच्या चपलेपाशी विंचू निघाला म्हणून पोरींचा ओरडा. मला वाटलं, यांना जरा चेव आणावा. मी दोन गट केले. डावीकडचे आणि उजवीकडचे. बघू कोण आधी आपली बाजू उतरवतं. कुणीतरी खिशातला स्पीकर काढला, गाणं लावलं आणि मग जे सुरू झालं ते बघायला खरंच मजा येत होती. कवेलू हातावरून हातावर उडत होते. मी शिट्टी वाजवत होते. शाळेची सवय. आजी कडुनिंबाखाली बाजेवर बसून बघत होती आणि दर वेळी फुटल्याचा आवाज आला की तिची मान थोडी वळायची. मी ती बघितली होती. मला वाटलं, म्हातारीला गंमत वाटतेय.

डाव्या गटानं जिंकलं. बक्षीस म्हणून कुल्फी.

दुपारी शाळेच्या खोलीत पडून राहायचं. दुपट्टे ओले करून खिडक्यांना बांधलेले, माठाजवळ कोण झोपणार यावर भांडण. संध्याकाळी परत तासभर काम, मग छोटी प्रार्थना. जाण्याआधी आम्ही ठरवलं होतं की पत्रकं नाहीत, बायबलं वाटायची नाहीत, कुणी विचारलं तरच बोलायचं. पानठेल्यावर बसणाऱ्या एका पोरानं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "म्याडम, पैसे कोन देते तुमाले याचे? अन् यात तुमचा काय फायदा?" मी म्हटलं, कुणी देत नाही, आम्हीच वर्गणी काढली. त्याला पटलं नाही. खरं तर मलाही माझं उत्तर अर्धंच वाटलं. फायदा होताच. पोरांना मोबाइलमधून बाहेर काढायचं होतं, मंडळीच्या वार्षिक अहवालात दोन फोटो हवे होते, आणि मला, आता लपवण्यात अर्थ नाही, मावसबहिणीला ते फोटो पाठवायचे होते. पण हे पानठेल्यावर कसं सांगणार? तो पोरगा मात्र तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी येऊन फाटे धरायला लागला. का आला ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही त्याला त्याचा फायदा विचारला नाही.

एका संध्याकाळी पाळकसाहेबांनी खडकावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर बांधणारा मूर्ख यांचा दाखला सांगितला. प्रसंगाला साजेसा. मिस्तरी दाराशी बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "अन् काऱ्या मातीवर बांधलं त काय व्हते, पास्टर सायेब?" पाळकसाहेब हसले, पण मिस्तरींचा प्रश्न खरा होता. आमची काळी जमीन उन्हाळ्यात अशी तडकते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा, आणि पावसात फुगते. दरवर्षी घर थोडं वर, थोडं खाली. नव्या घरकुलांच्या भिंतींना दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा जातात त्या त्यामुळेच. मुरूम लागेपर्यंत खोदायला पैसे पुरत नाहीत. मातीच्या भिंतीलाही भेगा जातात, पण ती भेग बाई पोताऱ्यानं एका दुपारी बुजवते. आजीनं आमच्या पोरींना तेच शिकवलं. माती दोन दिवस भिजवलेली, त्यात कुटार, पायानं तुडवून तुडवून गारा असा करायचा की टाचेला चिकटता कामा नये. आमची एक इंजिनिअरिंगची मुलगी तुडवताना म्हणाली, "आँटी, हे योगापेक्षा भारी आहे." आजीनं विचारलं, योगा म्हंजे काय, आणि मग दोघी बराच वेळ हसत होत्या.

दरवर्षी शाळेची सहल मी सेवाग्रामला नेते. बापूकुटीत शिरलं की पोरं हमखास म्हणतात, मॅडम, किती गार आहे हो इथं. मातीच्या भिंती, लाकूड-बांबू, वर कवेलू. आधी ती कुटी मीराबहन यांची होती. भिंतींवर त्यांनी मातीतच उठवलेली झाडं अजून आहेत. मी तिथं उभी राहून मातीच्या घराचे गुण सांगते, दरवर्षी तेच. आणि आजीच्या अंगणात उभी राहून मी टिना मोजत होते. पण आजीलाही टिनाच हव्या होत्या. "टिन टाकली का पाहाच काम नाई," असं ती स्वतःच म्हणाली होती. बापूकुटीचे कवेलू फेरायला माणसं आहेत. सत्तरीच्या बाईनं दरवर्षी वर कोण चढवायचं? गावात कुंभाराचं एक घर उरलंय, ते पोळ्याचे मातीचे बैल करतं आणि दिवाळीच्या पणत्या. कवेलू करून त्याला वीस वर्षं झाली. हे मला शेवटच्या दिवशी, आकडा ऐकल्यानंतर कळलं. म्हणजे ते एकशे बेचाळीस आता कुठूनच येणार नव्हते.

निरोपाच्या वेळी आजीनं शेजारणीला हाक मारली. "मी अशी," ती स्वतःच्या कपाळाकडे बोट करून म्हणाली, "तू लाव पोरीयले." शेजारीण कुंकवाची डबी घेऊन आली आणि ओटी भरायला तांदूळ. आमच्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्यात काही घरांत टिकली चालते, काही घरांत अजिबात नाही. सर्वांत लहान मुलगी सतरा वर्षांची, तिचे बाबा मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे एल्डर. ती क्षणभर थांबली आणि मग तिनं मान पुढं केली. मीही केली. टेम्पो रुळांच्या पलीकडं गेल्यावर मी बघितलं, तिनं ओढणीनं कपाळ पुसलं होतं. हळूच, कुणाला दिसू नये असं. मी पुसलं नाही. पण अमरावती येईपर्यंत घामानं ते भुवयांत उतरलं आणि घरी आरशात मी कुणाशी तरी मारामारी करून आल्यासारखी दिसत होते.

जुलैत एका शनिवारी मी परत गेले. एकटी नाही, बरोबर दोनशे कवेलू होते. नेरकडच्या एका गावात एकाचं घरकुल पूर्ण झालं होतं आणि जुनं घर पाडून कवेलू बांधावर रचून ठेवलेले, चार रुपयाला एक. छोटा हत्ती टेम्पो ठरवला, खाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या घातल्या, मधे गवत. एकही फुटू दिला नाही. वाटेत खड्डा आला की मीच श्वास रोखून धरायचे. आकाश खाली आलं होतं, तुरी गुडघ्याच्या खाली, कपाशीत डवरे चाललेले.

मिस्तरींनी एक कवेलू उचलला, छपरीच्या वळचणीचा एक काढला, एकावर एक ठेवून पाहिला आणि दोन्ही माझ्या हातात दिले. बसत नव्हते. माझा बोटभर रुंद होता. "दुसऱ्या कुंभाराचे हायेत हे," ते म्हणाले. "ज्याचा त्याचा हात." मी गणिताची बाई. लांबी, रुंदी, संख्या सगळं विचारलं होतं त्या माणसाला, फोनवर. चाकावर नळी ओढणाऱ्या कुंभाराचा पंजा केवढा होता हे विचारायचं राहिलं. आजी जवळ आली, तिनं दोन्ही कवेलूंवरून हात फिरवला. "राहू द्या, बाई," म्हणाली. "कोंबड्याइच्या खुराड्यावर व्हतेत."

मग मला ते दिसले. घराच्या तिन्ही बाजूंनी, वळचणीच्या बरोबर खाली, पागोळ्या पडतात त्या रेषेत, फुटक्या कवेलूंचे तुकडे उभे गाडलेले होते. एकाला एक लागून, रुंद तोंड वर. पागोळी मातीवर पडून भिंतीवर चिखल उडू नये म्हणून. भिंत खालपर्यंत कोरडी होती आणि पोताऱ्याचे हातांचे अर्धगोल तिच्यावर अजून स्पष्ट दिसत होते.

चहा ठेवला तेवढ्यात पाऊस आला. आम्ही आत गेलो. मागच्या अर्ध्या घरावर टिना, पुढच्या अर्ध्यावर कवेलू. मागं नुसता गोंगाट. आजी काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. तिनं मला हाताला धरून पुढच्या बाजूला आणलं. तिथं पाऊस होता पण त्याला आवाज नव्हता, नुसती सरसर. तिची बाज याच बाजूला होती. टिनांखाली गहू, सरपण, नातवाची सायकल. "मे-जूनात त तिथी पाय ठेववत नोयता," ती म्हणाली. "मंग पऱ्हाट्या टाकल्या वरून, गोटे ठिवले. वावधानात उडाली नाई एकबी." म्हणजे त्या अमेरिकी ब्रीदाच्या तीन शब्दांतले दोन जमले होते. पहिला, मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला तसा, सर्वांत आधी.

बोलता बोलता माझ्या खांद्यावर एक थेंब पडला. मग दुसरा. आम्ही फेरलेल्या बाजूला, उजव्या गटाच्या. आजी उठली, कोपऱ्यातली बांबूची काठी घेतली, मान मागं टाकून अंधारात वर बघितलं आणि काठीच्या टोकानं एका कवेलूला खालून बोटभर ढकललं. थेंब थांबला. थोड्या वेळानं हातभर पलीकडं दुसरा सुरू झाला. मी म्हटलं, द्या, मी बघते. काठी वाटली त्यापेक्षा जड होती. मी नेम धरून ढकललं आणि पाण्याची धारच लागली, सरळ बाजेवरच्या गोधडीवर. आजीनं गोधडी ओढली, चुलीजवळचा गंज आणला, धारेखाली ठेवला आणि माझ्या हातून काठी न घेता मला म्हणाली, "हळू. अजून थोडं डावीकडं."